पूल हललाच पाहिजे

ऑस्ट्रेलियात पर्थहून चारशेच्या वर किलोमीटर गाडी हाकून मेहुण्याने आम्हाला ‘व्हॅली ऑफ द जायंट्स’ला, झाडांच्या शेंड्यांतून जाणाऱ्या पुलावर आणलं. सासूबाईंचा पहिला प्रश्न : ‘‘पायऱ्या किती?’’ एकही नाही, हे त्यांना पटेना. झाडांच्या शेंड्यात ४० मीटरवर जायचं आणि पायरी नाही? पण खरंच नाही. पूल टेकडीच्या उतारावर जमिनीलगत सुरू होतो, चाकांची खुर्ची जाईल इतक्या बेताने चढतो आणि दरी खाली खाली जाते. आपण साधं चालत असतो. पळ काढते ती जमीन.

सासरे, म्हणजे नाना, बांधकाम खात्यातून निवृत्त. १९९६ साली खुला झालेला, सडसडीत खांबांवर ६०-६० मीटरचे पोलादी गाळे टाकलेला हा पूल त्यांनी तिकीटखिडकीपाशीच मंजूर करून टाकला. मधोमध आलो आणि वारा सुटला. पूल डुलला. पायाखाली नुसती जाळी, जाळीतून दिसणारं सगळं बरंच खाली. मी कठडा धरला.

‘‘हललाच पाहिजे,’’ नाना म्हणाले. ‘‘ताठ राहील तो मोडेल.’’ आणि प्रात्यक्षिक म्हणून टाचांवर दोनदा उसळले. समोरून येणारं जोडपं जागच्या जागी थबकलं. सासूबाईंनी मात्र शांतपणे पर्समधून दाण्याचा लाडू काढला. ‘‘घ्या, रंग उडालाय तुमचा.’’

भोवती रेड टिंगल. निलगिरीचेच भाऊबंद, पण ७५ मीटरपर्यंत जाणारे, आणि जगात फक्त इथे, वॉलपोल गावाच्या आसपास. वणव्यांनी बुंधे पोखरलेले, तरी वर हिरवेगार. पूर्वी अशाच एका पोकळ टिंगलमध्ये लोक चक्क मोटार घालून फोटो काढायचे. माती दबली, उथळ मुळांचे हाल हाल झाले आणि १९९० साली झाड आडवं झालं. मग हा पूल आला. फोटोपायी वाटोळं करणारे फक्त आपणच नाही, हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं. ‘‘पार्किंग फुकट असणार,’’ नाना म्हणाले.

खालच्या पायवाटेवर ‘ग्रँडमा टिंगल’ भेटली. गाठी-फुगवट्यांनी बुंध्यावर नाक, हनुवटी, सगळा म्हातारा चेहरा उमटलेला. ही झाडं चारशेहून जास्त वर्षं जगतात, असं मेहुण्याने सांगितलं.

सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ‘‘एवढी वर्षं उभ्या उभ्या? विचार तिला, गुडघ्यांना काय लावते.’’