उणे पंधराची हमी

यवतमाळात शोभेचं झुडूप घ्यायला गेलं की पहिला खुलासा थंडीबद्दल होतो. "थंडीत याले काही होत नाही साहेब," नर्सरीवाला सांगतो. हे तो मार्च महिन्यात, डोक्याला ओला दुपट्टा बांधून सांगतो. कुंडीला लटकवलेल्या चकचकीत पट्टीवर बर्फात बुडालेल्या बंगल्याचं चित्र असतं आणि खाली लिहिलेलं असतं: उणे 15 अंशांपर्यंत तग धरते. माझी तक्रार एवढीच आहे की ही हमी वापरायची कुठे, ते कुणी सांगत नाही.

आमच्याकडे थंडी पडतच नाही, असं मात्र नाही. डिसेंबर 2018 च्या अखेरीस शेजारच्या नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. पुढच्याच पंधरवड्यात यवतमाळला ब्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. सत्काराची शाल खरोखरच अंगावर घ्यावी, असा हंगाम साहित्यिकांच्या वाट्याला क्वचित येतो. पण त्याच 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह, ही शहराला पाणी पाजणारी दोन्ही धरणं तळाला गेली होती आणि माणसं ड्रम घेऊन टँकरची वाट बघत होती. म्हणजे झुडपाला आपला पराक्रम डिसेंबरात दाखवायचा होता, तर आधी मे पार करणं भाग होतं. या क्रमाबद्दल पट्टी काही बोलत नाही.

ही सगळी पट्टी-विद्या जिथून आली, तिथे तिला अर्थ आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1960 मध्ये एक नकाशा काढला. वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी किती थंड असते, त्यावरून देशाचे पट्टे पाडले आणि कुठलं झाड कुठल्या पट्ट्यात हिवाळा काढील ते ठरवलं. आता हीच मोजपट्टी यवतमाळला लावली तर आपण साधारण अकराव्या पट्ट्यात बसतो, म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या पंगतीत. तिथे समुद्र आहे आणि इथे लोहारा एमआयडीसी आहे, हा फरक नकाशात धरलेला नाही, कारण सगळ्यात थंड रात्री दोन्हीकडे स्वेटर एकाच जाडीचा लागतो. ही चूक अमेरिकनांच्याच लक्षात आली. 1997 मध्ये तिथल्या बागकाम संस्थेने उष्णतेचा वेगळा नकाशा काढला. त्यात वर्षातले किती दिवस तापमान 30 अंशांच्या वर जातं ते मोजलं, कारण त्याच्या पुढे झाडांना त्रास सुरू होतो म्हणे. यवतमाळला मे महिन्यात 30 अंश झाले तर लोक गच्चीवर येऊन विचारतात, कुठे पाऊस झाला?

या दुसऱ्या नकाशाची पट्टी मी अजून एकाही कुंडीला बघितलेली नाही.

मागे एक अझेलिया आणली होती. तिने फेब्रुवारी हसतखेळत काढला. एप्रिलमध्ये पानं कडेने तांबूस झाली आणि 25 मेच्या सुमारास नवतपा लागला तेव्हा फक्त पट्टी टवटवीत होती. मी पट्टी घेऊन नर्सरीत गेलो.

"थंडीनं मेलं काय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मंग?"

या 'मंग'ला उत्तर नाही. हमी थंडीची होती आणि थंडीने झाडाला बोटही लावलं नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने ती अझेलिया सुस्थितीत होती.

उन्हातून वाचलीच असती तरी पुढे जमीन होती. अझेलिया, कॅमेलिया, हायड्रेंजिया या मंडळींना आंबट माती लागते. आपली काळी कपाशीची, चुनखडी मुरलेली, उलट्या स्वभावाची. तिच्यात या झुडपांना लोह घेता येत नाही, मग पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जाणकार सांगतात, पाइनची पानं पसरा. पाइन. आमच्याकडे सागाची पानं आहेत, कडुनिंबाची आहेत, पऱ्हाट्या मागाल तेवढ्या आहेत. दुसरे जाणकार म्हणतात, चहाचा चोथा घाला. यवतमाळात चोथ्याची ददात नाही. पण त्या मातीतला चुना चहाने हटायचा असता, तर बसस्टँडच्या आसपासच्या सगळ्या जमिनीत आज ब्लूबेरी पिकली असती. शिवाय ही माती पावसाळ्यात फुगून मुळं कुजवते आणि उन्हाळ्यात फाटते, इतकी की भेगेत हात घालून मुळांची विचारपूस करता येते.

देखभालीच्या सूचना तर पाठ झाल्या आहेत. हिवाळ्याआधी झुडपाला गोणपाटात गुंडाळावं. फांद्यांवर बर्फ साचल्यास झाडूने हळुवार झटकावा. गोणपाट या कापसाच्या जिल्ह्यात कुठल्याही जिनिंगमध्ये मिळेल. झाडूही घरात आहे. राहिलेल्या एका वस्तूची सोय झाली की मी काम सुरू करणार आहे.

गंमत म्हणजे खरोखर बर्फ सोसणारं एक झुडूप यवतमाळात पिढ्यान् पिढ्या सुखाने राहतं: मोरपंखी. मूळची चीनकडची, तिथे हिमवर्षाव बघून आलेली. आपल्याकडे ती सरकारी कचेऱ्यांपुढे उभी असते, पाणी मिळालं तर घेते, नाही मिळालं तर अर्ज करत नाही, आणि विद्या यावी म्हणून शाळकरी पोरं तिची पानं पुस्तकात ठेवतात. नर्सरीत तिला कोपऱ्यात ठेवलेलं असतं, चिखलाने माखलेल्या पिशवीत. पट्टी नाही, त्यामुळे भाव नाही. तिच्या शेजारी कण्हेर, तगर, जास्वंद, बोगनवेल. "हे तं काय, कुठंबी येते," नर्सरीवाला अशा सुरात सांगतो की विकत घेणाऱ्याला ओशाळं व्हावं. कण्हेरीला विषामुळे बकऱ्याही तोंड लावत नाहीत. एवढी मोठी लायकी बर्फातल्या बंगल्याच्या चित्रापुढे फिकी पडते.

तगर-जास्वंद लावण्यात दुसरी अडचण आहे. कानटोपी घातलेली काही वडीलधारी माणसं पहाटे कुंपणाबाहेरून फांदी वाकवतात आणि पिशवी भरतात. देवासाठी असल्यामुळे बोलता येत नाही. कितीही गारठा असो, त्यांचा खाडा पडत नाही. थंडीत टिकणारं म्हणून शपथेवर सांगावं असं माझ्या बागेत तेवढंच आहे.

सध्या पुण्याच्या मावसबहिणीने पाठवलेला हायड्रेंजिया सांभाळतो आहे. "आमच्याकडे छान येतो, थंडीची काळजीच करू नकोस," असं तिने फोनवर सांगितलं; मी करत नाही. कूलरचं गळणारं पाणी त्याला जातं आणि डोक्यावर बांबू रोवून हिरवी जाळी ताणली आहे. त्या जाळीमुळे गल्लीत मांडवाचा समज झाला आहे. शेजारच्या काकू मुलगी कुठली म्हणून विचारून गेल्या. काल एक केटरर गेट उघडून आत आला, वही काढली आणि म्हणाला, "भाऊ, पानं किती धरू?"

चार, मी सांगितलं. त्यातली दोन पिवळी आहेत.