अण्णांचा रविवार

‘या घरात एक तर कुत्रं राहील, नाहीतर मी!’ असं ज्यांनी एकेकाळी ठणकावून सांगितलं होतं, ते गृहस्थ रविवारी सकाळी साडेनऊला बनियन आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेला लेंगा अशा वेशात मोरीत बसून लॅब्राडोरच्या काखा चोळत असतात. असा एक तरी अण्णा हल्ली कोथरूडच्या कुठल्याही सोसायटीत सापडेल. मुलगा हौसेनं पिल्लू आणतो, दोन वर्षांनी बंगळुरूला नोकरी धरतो आणि ब्रुनो वारसाहक्कानं बापाकडे येतो.

बँकेत ३४ वर्षं काढलेला माणूस; त्यामुळे अंघोळसुद्धा खातेवहीसारखी. आधी कोरड्या अंगावर ब्रश, कारण केसांचा गुंता भिजला की आणखी आवळतो. मग कानांत कापसाचे बोळे. पाणी कोमट, कोपर बुडवून पाहिलेलं. डोकं सगळ्यात शेवटी. शाम्पू कुत्र्यांचाच. ‘आपल्या त्वचेचा पीएच साडेपाचच्या आसपास, ह्यांचा सातच्या आसपास. आपला शाम्पू ह्यांना चालत नाही,’ हे अण्णा लिफ्टमध्ये सापडेल त्याला ऐकवतात. स्वतः त्यांनी जन्मभर अंगाचाच साबण डोक्याला लावला.

कुत्र्याशी इंग्रजीत बोलायचं, हा मराठी घरातला अलिखित नियम. ‘ब्रुनो, कम! सिट! गुड बॉय!’ अण्णांचं इंग्रजी शाम्पूची बाटली बाहेर निघेपर्यंत टिकतं. बाटली दिसली की ब्रुनो पलंगाखाली. ‘कम, ब्रुनो... ये रे राजा... अरे येतोस का नाही, गाढवा!’ ‘गाढवा’ म्हटल्यावर मात्र कुत्रं मुकाट्यानं बाहेर येतं.

नियम कितीही पाळा, तो क्षण चुकत नाही. डोक्यापासून निघालेली लाट सेकंदाला चार-पाच झटक्यांच्या वेगानं शेपटीपर्यंत जाते. ब्रुनो जवळजवळ कोरडा होतो. अण्णा, छत आणि दारामागे अडकवलेला काकूंचा गाऊन, तिघेही न्हाऊन निघतात.

मग पुसणं. बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का, हे अण्णा चष्मा कपाळावर सरकवून, नाक पंजाला टेकवून बघतात. ब्रुनो तेवढ्यात त्यांचं टक्कल चाटून घेतो. टॉवेल कोणाचा, हे विचारू नये.

काकू चहाचा कप घेऊन दारात उभ्या असतात.

‘अहो, दोन पोरं वाढवली आपण. एकाला तरी कधी अंघोळ घातलीत?’

‘तेव्हा मार्चएण्ड असायचा.’

‘बारा महिने?’

अण्णा ब्रुनोच्या कानांतले बोळे अलगद काढतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, ‘हळू बोल जरा. आता त्याला ऐकू जातं.’