रस्त्याची बढती

तुळजापूर-नळदुर्ग रस्ता आमच्या लहानपणी साधा राज्य मार्ग होता. असेल तीस-पस्तीस किलोमीटरचा. पुढं त्याला अक्कलकोटपर्यंत ओढलं, राष्ट्रीय महामार्ग 652 असा नंबर दिला आणि आई भवानी व स्वामी समर्थ एकाच आकड्यात बसवले. फलक नवा आला. काळी-पिवळीचा ड्रायव्हर मात्र अजून त्याच वळणावर तोच गिअर टाकतो. मी म्हटलं, "मामा, आता नॅशनल हायवे झाला की." मामा म्हणाले, "झालाय सर. म्हणूनच जपून चालवायलोय."

आमच्या जिल्ह्याच्या रस्त्यांचा इतिहास सुरू होतो तेरपासून. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय की तगरचं कापड बैलगाड्यांतून भडोचला जातं, आणि वाटेत लांबच लांब मुलूख बिनरस्त्याचा आहे. म्हणजे आमची पहिली तक्रार दोन हजार वर्षांपूर्वीची. ती निकाली निघाल्याचं ऐकिवात नाही.

1853 मध्ये निजामानं नळदुर्ग इंग्रजांच्या हवाली केलं. कारभार पाहायला आले मेडोज टेलर. हे गृहस्थ 1839 मध्येच ठगांवर कादंबरी लिहून बसले होते. आधी ठगांचा अभ्यास आणि मग रस्त्यांची कामं, हा क्रम पाळणारा आमच्याकडचा बहुधा हा एकटाच अधिकारी. 1860 मध्ये मुलूख निजामाकडं परत गेला. पुढं जिल्ह्याचं ठाणंही नळदुर्गहून धाराशिवला हललं. बढती रस्त्याला, बदली गावाला.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहाच्या काळातला बंधारा आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात वरून नर-मादी धबधबे कोसळतात, आत उभं राहिलं तरी अंगावर पाणी येत नाही. चारशे वर्षं झाली. एवढं बांधूनही पुढचं डागडुजीचं टेंडर नाही, म्हणजे त्या कारागिरांना धंदा कळलाच नव्हता. आमच्या गल्लीतल्या डांबराला एक पावसाळा पुरतो. ठेकेदाराचा 'दोष दायित्व कालावधी' संपला की खड्डा आपोआप नैसर्गिक होतो.

नळदुर्गच्या पुढं अक्कलकोटकडं महामार्गाचं काम अडलं ते जमिनीच्या मावेज्यावर. पुण्याकडं मोबदला असतो, आमच्याकडं मावेजा. मोबदला खात्यात जमा होतो. मावेजा तारखेवर जातो.

वेळेवर चालणारं एकच काम आमच्याकडं आहे, आणि ते देवाचं. अणदूर आणि नळदुर्ग या शेजारच्या दोन गावांत खंडोबाची मूर्ती एकच. देव सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. त्यासाठी दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. ठरल्या दिवशी पालखी उठते, ठरल्या दिवशी परत येते. मुदतवाढ नाही, वाढीव दर नाही, पावसाचं कारण नाही.

मी मामांना म्हटलं, "रस्त्याचं कंत्राटही असंच केलं तर?"

मामांनी खड्डा चुकवला, दुसऱ्यात घातली आणि म्हणाले, "सर, तिथं कागद सगळ्या गावाला माहीत असतोय. हितला कागद तुम्ही बघितलाय का?"