कॅमेऱ्याची मान

टीव्हीच्या कॅमेऱ्याला फुटबॉल किती बारीक दिसतो, याचा पुरावा २ नोव्हेंबर २०१९ रोजी बर्मिंगहॅममध्ये मिळाला. व्हिला पार्कवर लिव्हरपूलच्या फिर्मिनोने गोल केला आणि तो ऑफसाइड ठरला. चित्र थांबवलं, मोठं केलं, त्यावर रंगीत रेघा ओढल्या आणि खुलासा आला: फिर्मिनोची काख बचावपटूच्या किंचित पुढे होती. काख! माणूस मागे, काख पुढे. आमच्याकडे काखेत कळसा असला तरी लोक गावाला वळसा घालून येतात. तिकडे काखेतला ऑफसाइडसुद्धा सुटत नाही.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, इटलीतल्या वेरोनात ब्रेशाकडून खेळणाऱ्या मारिओ बालोटेलीने खेळ चालू असताना चेंडू हातात उचलला, लाथेने थेट प्रेक्षकांत भिरकावला आणि तो मैदान सोडून निघाला. स्टँडमधून त्याला माकडाचे आवाज ऐकू येत होते. सहकाऱ्यांनी आणि प्रतिस्पर्ध्यांनीही समजूत घालून त्याला परत आणलं. सामन्यानंतर वेरोनाचे प्रशिक्षक युरिच म्हणाले, वर्णद्वेष वगैरे काही नव्हतं, हुर्यो उडवली इतकंच.

आता काख केवढी आणि स्टँड केवढा! पण काख दिसते, स्टँड दिसत नाही.

आमचं निदान असं की हा नजरेचा दोष नव्हे, मानेचा आहे. मैदानाकडे कॅमेऱ्याची मान लोण्यासारखी वळते. प्रेक्षकांकडेही वळते, पण ठरावीक कामांसाठी: गाल रंगवलेली तरुणी, बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर, हरलेल्या संघाचा रडवेला आजोबा. ‘हू हू’ सुरू झालं की मात्र मान धरते. मग पडद्यावर स्टेडियमचं छप्पर येतं, संध्याकाळचं आभाळ येतं, राखीव खेळाडू पाणी पिताना दिसतात. कपडे काढून मैदानात पळणाऱ्या नगाला दाखवत नाहीत, कारण दाखवलं की दुसऱ्याला स्फुरण चढतं. तोच नियम इथेही लावतात. फरक एवढाच की नागड्याला चार जण उचलून बाहेर नेतात. ‘हू हू’वाला तिकिटाचे पैसे पूर्ण वसूल करून घरी जातो.

मानेचं झालं. कानाचं वेगळंच. त्याच २०१९च्या नोव्हेंबरात ‘ला रेपुब्लिका’ या इटालियन दैनिकाने इटलीच्या सेरी आ लीगच्या एका बैठकीचं ध्वनिमुद्रण उघड केलं. प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी घोषणा टीव्हीवर ऐकू जातात, त्याचं काय करायचं, हा विषय निघाला होता. लीगचे मुख्य कार्यकारी लुइजी दे सिएर्वो यांचा तोडगा साधा, घरगुती होता: त्या बाजूचे मायक्रोफोन बंद करायला मी सांगितलंय, म्हणजे ऐकू येणार नाही. नंतर त्यांनी नेहमीचा खुलासा केला की शब्द संदर्भ सोडून उचलले. संदर्भ नेमका काय होता, ते माइक चालू असते तर कळलं असतं.

आणि डिसेंबरात याच लीगने वर्णद्वेषविरोधी मोहीम जाहीर केली. मोहिमेसाठी काय काढावं? तीन माकडांची चित्रं. खरोखर. काळ्या खेळाडूंना माकड म्हणू नका, हे सांगायला रंगवलेली तीन माकडं. चित्रकाराचं म्हणणं, आपण सगळेच माकडं आहोत. हे डार्विनला पटलं असतं, बालोटेलीला विचारायचं राहून गेलं. दे सिएर्वो यांनी माफी मागितली. एका हिवाळ्यात एका माणसाला आधी खुलासा करावा लागतो, मग माफी मागावी लागते, म्हणजे मोहीम किती मनापासून चालली असेल बघा.

मानेचा हा विकार कायमचा असतो असंही नाही. २०१२च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कच्या निक्लास बेंटनरने पोर्तुगालविरुद्ध गोल केला आणि शर्ट वर करून चड्डी जरा खाली सरकवली. आतल्या चड्डीच्या इलॅस्टिकवर एका सट्टा कंपनीचं नाव होतं. कॅमेऱ्याने ती इंचभर पट्टी अचूक टिपली. काय मान, काय नजर! युरोपीय फुटबॉलची संघटना युएफाने बेंटनरला एक लाख युरो दंड आणि एका सामन्याची बंदी ठोठावली. त्याच स्पर्धेत क्रोएशियाच्या प्रेक्षकांनी बालोटेलीला वर्णद्वेषी शिव्या दिल्या, वर फटाकेही फेकले. त्यांच्या संघटनेला दंड ऐंशी हजार. त्याआधी पोर्टो क्लबच्या प्रेक्षकांनी मँचेस्टर सिटीच्या काळ्या खेळाडूंना छळलं, त्याचे वीस हजार. आणि सिटीचा संघ दुसऱ्या एका सामन्यात मध्यंतरानंतर मिनिटभर उशिरा मैदानात आला, त्याचे तीस हजार. किराणा दुकानाच्या पाटीसारखं हे दरपत्रक प्रत्येक स्टेडियमच्या दारावर लावावं, म्हणजे येणाऱ्याला आपल्या ऐपतीप्रमाणे गुन्हा निवडता येईल.

यात युएफाचं गणित चुकलं असं कुणी म्हणू नये. मिनिटभर उशिराने प्रक्षेपणाचं वेळापत्रक विस्कटतं. चड्डीवर फुकट झळकलेल्या नावाने, पैसे मोजून झळकणाऱ्या नावांचं नुकसान होतं. माकडाच्या आवाजाने कुणाचं काय नुकसान होतं? ज्याला ऐकवला त्याचं. त्याचं कुठे प्रायोजकत्व आहे!

सगळ्यात लांबलचक गोष्ट मेस्टायाची. २१ मे २०२३, रविवार, आपल्याकडे रात्रीचे दहा. व्हॅलेन्सियाच्या मैदानावर रेआल माद्रिद. विनिसियस ज्युनियर ब्राझीलचा, वय बावीस, पायात बिजली. दुसऱ्या सत्रात तो गोलपोस्टमागच्या स्टँडजवळ जाऊन उभा राहिला आणि एका प्रेक्षकाकडे बोट दाखवून पंचांना सांगू लागला, हाच तो. खेळ थांबला. ध्वनिक्षेपकावरून ताकीद झाली. लाखो लोकांनी ते बोट पाहिलं. बोटाच्या पलीकडे काय आहे, ते बघायला मान वळवावी लागली असती.

खेळ पुन्हा सुरू झाला. शेवटच्या मिनिटांत धक्काबुक्की झाली आणि व्हॅलेन्सियाच्या ह्यूगो दुरोने मागून विनिसियसच्या गळ्याला हाताचा विळखा घातला. सुटण्याच्या झटापटीत विनिसियसचा हात दुरोच्या तोंडावर बसला. व्हीएआर म्हणजे व्हिडिओ पंचांच्या कक्षाने मैदानावरच्या पंचांना पडद्यापाशी बोलावून नेमका हा दुसरा भाग दाखवला. विळखा दाखवलाच नाही. लाल कार्ड, विनिसियस बाहेर. म्हणजे त्याची मान दुरोच्या हातात होती, तेवढ्यात कॅमेऱ्याचीही धरली.

दोन दिवसांनी स्पॅनिश संघटनेच्या समितीने कार्ड रद्द केलं. पंचांना पूर्ण प्रसंग दाखवला गेला नाही, म्हणून त्यांचा निर्णय बिघडला, असं कारणही दिलं. व्हीएआरवरच्या सहा जणांना नारळ मिळाल्याच्या बातम्या आल्या. काखेचा हिशेब ठेवणारं यंत्र आणि अख्खा गळा निसटला.

या सामन्यानंतर स्टुडिओंमध्ये जे झालं ते आमच्या विशेष आवडीचं. सामना संपल्यावर माद्रिदचे प्रशिक्षक अँचेलॉट्टी यांना नेहमीप्रमाणे खेळाबद्दल विचारलं. ते म्हणाले, मला फुटबॉलवर बोलायचं नाही, इथे जे घडलं त्यावर बोलायचंय. संपूर्ण स्टेडियम ओरडत होतं, असंही ते म्हणाले. झालं! चर्चेला विषय मिळाला. घोषणा ‘मोनो’ होती की ‘तोंतो’? मोनो म्हणजे माकड, तोंतो म्हणजे मूर्ख. ध्वनिफीत मागे-पुढे करून लोक ऐकू लागले. जणू ‘मूर्ख’ ऐकू आलं की गाडी सुसंस्कृतपणाच्या स्टेशनात शिरली. अँचेलॉट्टींनी ‘संपूर्ण स्टेडियम’ या शब्दांबद्दल नंतर माफी मागितली. ओरडणारे किती, यावरून बोलणाऱ्याला माफी मागावी लागली. का ओरडले, याचा नंबर रांगेत मागे राहिला.

स्पॅनिश लीगचे अध्यक्ष हाविएर तेबास यांनी त्याच संध्याकाळी ट्विटरवर कानउघाडणी केली. प्रेक्षकांची नव्हे, विनिसियसची. बैठकीची तारीख दोनदा ठरली, आला नाहीस. इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. स्पेनमधल्या सामन्यांची चित्रं जगाला पुरवण्याची व्यवस्था लीगच्याच देखरेखीखाली चालते. माल त्यांचा, दुकान त्यांचं, तक्रारवहीही त्यांच्याच गल्ल्याखाली. अशा दुकानात कॅमेऱ्याने मान कुठे वळवावी, हे कॅमेऱ्याला सांगावं लागत नाही. तेबास यांनीही पुढे माफी मागितली. (माफीचा उत्पादन खर्च शून्य असतो, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे.)

तरी मेस्टायात जे घडलं ते काही अचानक झालं नव्हतं. सप्टेंबर २०२२मध्ये ‘एल चिरिंगितो’ या मध्यरात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात, खेळाडूंच्या एजंटांच्या संघटनेचे प्रमुख विनिसियसच्या गोलनंतरच्या नाचाबद्दल म्हणाले की त्याने माकडपणा थांबवावा. मग म्हणे, तो वाक्प्रचार आहे. असेल. मराठीतही माकडचेष्टा आहेत, पण त्या गच्चीवर चढलेल्या पुतण्याच्या असतात. त्यानंतर काही दिवसांनीच अतलेतिको क्लबच्या स्टेडियमबाहेर प्रेक्षकांनी कोरसमध्ये ‘विनिसियस, तू माकड आहेस’ म्हटलं. माद्रिदच्या सरकारी वकिलांनी प्रकरण मिटवलं. घोषणा अशोभनीय होत्या, पण काही सेकंदच चालल्या आणि कट्टर चुरशीच्या वातावरणात होत्या, असं त्यांचं मत पडलं. गोलसुद्धा काही सेकंदांत होतो, तो मात्र धरतात. त्या घोषणांचा व्हिडिओ कुणाच्या तरी मोबाइलवरचा होता. मोबाइलच्या मानेला अजून हा आजार झालेला नाही.

मेस्टायाच्या प्रकरणात जून २०२४मध्ये तिघांना आठ महिन्यांची शिक्षा झाली. स्पेनमध्ये मैदानावरच्या वर्णद्वेषाबद्दल झालेली ती पहिली शिक्षा.

आता समालोचकांच्या जिभेकडे. यात आद्य नाव इंग्रज प्रशिक्षक आणि टीव्ही समालोचक रॉन अ‍ॅटकिन्सन यांचं. हे तेच गृहस्थ, ज्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वेस्ट ब्रॉमविचच्या संघात एकाच वेळी तीन काळे खेळाडू उतरवले होते. एप्रिल २००४मध्ये मोनॅको-चेल्सी सामन्यानंतर माइक बंद झालाय असं समजून ते चेल्सीच्या मार्सेल देसायीबद्दल अत्यंत घाणेरडं बोलले. ब्रिटनमध्ये प्रक्षेपण थांबलं होतं, मध्यपूर्वेतल्या काही देशांत चालू होतं. नोकरी गेली. २००४मध्ये माइक बंद आहे असं वाटून बोलले, २०१९मध्ये माइक बंद करा म्हणून सांगितलं. पंधरा वर्षांत एवढी प्रगती कमी नाही.

हल्लीचे समालोचक शिवी देत नाहीत. ते कौतुक करतात. २०२०मध्ये ‘रनरिपीट’ या डॅनिश कंपनीने युरोपातल्या चार मोठ्या लीगच्या ८० सामन्यांचं इंग्रजी समालोचन ऐकून २,०७३ विधानं वेगळी काढली. बुद्धीचं जे कौतुक झालं, त्यातलं जवळपास ६३ टक्के उजळ कातडीच्या वाट्याला गेलं. ताकदीचा विषय निघाला की गडद कातडीच्या खेळाडूचं नाव येण्याची शक्यता साडेसहा पट. वेगाचा निघाला तर तिपटीहून जास्त. म्हणजे गोरा खेळाडू खेळ ‘वाचतो’, पुढचं ‘ओळखतो’, संघ ‘चालवतो’. काळा खेळाडू धडकतो, उधळतो, दमत नाही. हे समालोचन आम्ही सांगोल्याच्या बाजारात ऐकलंय, खिलार खोंडापुढे उभं राहून. तिथे निदान दातही बघतात.

आमच्या हॉलमध्येही हेच चालतं, लपवून काय उपयोग! रात्री चौघे जमतो, चहाचा थर्मास असतो. ‘तो काळ्या बघ, काय पळतोय!’ हे वाक्य दर सामन्याला निदान एकदा तरी पडतं. कौतुकानेच. ८ डिसेंबर २०२०ला पॅरिसमधल्या एका सामन्यात चौथ्या पंचाने इस्तंबूलच्या संघाच्या एका सहायक प्रशिक्षकाला आपल्या भाषेत ‘तो काळा’ असंच म्हटलं होतं. कोविडमुळे स्टेडियम रिकामं, त्यामुळे माइकला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. इस्तंबूलचा खेळाडू डेम्बा बा राखीव बाकावरून उठला आणि त्याने विचारलं, गोऱ्या माणसाचा उल्लेख करताना ‘तो गोरा’ म्हणता का? दोन्ही संघ मैदान सोडून गेले आणि सामना दुसऱ्या दिवशी नव्या पंचांसह पुरा झाला. आम्ही तो प्रसंग हॉलमध्ये बघितला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग शेजारचे नाना म्हणाले, ‘चहा आहे का अजून?’

तेव्हापासून आम्ही एक उद्योग सुरू केलाय. दुधाच्या बिलाच्या मागे दोन रकाने आखायचे, ‘डोकं’ आणि ‘मांड्या’, आणि समालोचक जे म्हणेल त्याची त्या त्या रकान्यात, खेळाडूच्या नावासह, एक रेघ ओढायची. नानांच्या वाक्यांचीही ओढायची. पुढच्या सामन्याला तुम्हीही करून बघा. पेन्सिल दोन्ही टोकांनी तासलेली घ्या, मांड्यांच्या रकान्यात ती लवकर झिजते.