अर्धा टक्का

मार्च जवळ आला की महाविद्यालयातला ग्रंथपाल दाखल नोंदवही उशाशी घेऊन झोपतो. कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीतला त्याच्या मूल्यमापनाचा तक्ता. मोजदाद केली आणि गहाळ पुस्तकं 0.5 टक्क्यांहून कमी भरली, तर ग्रंथपाल ‘चांगला’. 1 टक्क्याहून कमी असतील तर ‘समाधानकारक’. त्यापुढे नापास. 20,000 पुस्तकांच्या ग्रंथालयात 99 गेली तरी माणूस चांगला. शंभरावं गेलं की घसरला.

तक्त्यात हजेरी आहे, चर्चासत्रं आहेत. ती कागदावर उरकता येतात. गहाळ पुस्तक तसं उरकत नाही.

हुशार ग्रंथपालानं यावर रामबाण उपाय शोधलाय. पुस्तक हरवतं कधी? कुणी वाचायला नेलं तर. मग कपाटांना कुलपं. विद्यार्थ्यानं चिठ्ठीवर लेखक, शीर्षक, दाखल क्रमांक लिहून खिडकीत सरकवायची. आतून आवाज येतो, ‘बाहेर गेलंय.’ बाहेर म्हणजे पलीकडच्या कपाटात. मग मोजदादीचा सोहळा. एक परिचर क्रमांक पुकारतो, दुसरा ‘आहे’ म्हणतो. आहे, आहे, आहे. पानं एकमेकांना चिकटलीत, पण आहे. वाळवीनं आतला मजकूर फस्त केलाय. पाठीवरचं लेबल शाबूत, म्हणून आहे. गहाळ शून्य, शेरा ‘चांगला’. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं 1931 साली छापून आली आणि त्यातलं पहिलंच पुस्तकाच्या वापराचं आहे. ते पदवीच्या परीक्षेपुरतं पाठ असलं की पुरे!

संताप येतो तो वेगळ्याच कारणानं. 2017च्या सामान्य वित्तीय नियमांतही हाच आकडा आहे: हजारी पाच. पण तिथे हजार म्हणजे वर्षभरात वाचकांनी नेलेली किंवा हाताळलेली पुस्तकं. अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसेल, तर एवढी तूट वाजवी मानावी, असं चक्क पैशांचा हिशेब ठेवणारे म्हणतात. या हिशेबानं ज्या ग्रंथालयातून वर्षभर एकही पुस्तक हललं नाही, त्याला एकही हरवायची मुभा नाही. रुक्ष कारकुनी नियमाला जे कळलं, ते विद्वानांच्या तक्त्याला कळू नये? तिथे टक्केवारी आहे, पण ती कशाची हे लिहिलेलंच नाही. मग समिती सोयीनं एकूण साठा धरते, आणि धूळ खाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचं पुण्य ग्रंथपालाच्या खात्यात जमा होतं.

आता प्राध्यापक मंडळी. त्यांच्या घरी गेलेलं पुस्तक कधीच गहाळ नसतं; ते ‘देवघेवीत’ असतं. चौदा वर्षं देवघेवीत. विद्यार्थ्याला आठव्या दिवशी दंडाची पावती आणि सरांना दिवाळीला विनंतीपत्र, तेही ‘सवडीनुसार’ हा शब्द घालून. सरांच्या दिवाणखान्यात ग्रंथालयाचा शिक्का असलेला विश्वकोश पाहुण्यांना दाखवला जातो, मुलीच्या लग्नात तो संच रुखवतात मांडला गेला तरी पडताळणीच्या यादीत त्याच्यापुढे ‘दिलेले’ असंच येणार, आणि ‘दिलेले’ची टक्केवारी काढायला तक्त्यात रकाना नाही.

यंदाच्या मूल्यमापन समितीच्या अध्यक्षांच्या नावावर अशी 41 पुस्तकं आहेत. ग्रंथपालाचा अहवाल त्यांनी बारकाईनं तपासला, सात गहाळ पुस्तकांबद्दल लेखी खुलासा मागितला आणि ‘जबाबदारीची जाणीव वाढवावी’ असा शेरा मारला. ग्रंथपालानं तो निमूटपणे स्वीकारला. अध्यक्ष मे महिन्यात निवृत्त होताहेत आणि त्यांच्या ‘नो ड्यूज’वर ग्रंथपालाची सही लागते.