पार्किंगमधले पानेवाले काका

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत रविवारी सकाळी खाली उतरा. पार्किंगच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरलेलं असतं, मोटारसायकल मेन स्टँडवर चढवलेली असते आणि तिच्याशेजारी एक गृहस्थ उकिडवे बसलेले असतात. दहाचा, बारा-तेराचा, चौदाचा असे पाने ओळीनं मांडलेले. वय पन्नाशीपुढचं, बनियनवर ऑइलचा डाग, आणि जगातल्या एकाही सर्व्हिस सेंटरवर काडीचा विश्वास नाही. हे पानेवाले काका.

काकांची जडणघडण चेतकवर झाली. 1972 साली आलेल्या त्या स्कूटरनं अख्ख्या पिढीला मेकॅनिक केलं. चालू झाली नाही की आडवी करा, तरीही नाही झाली तर प्लग काढा, काच-कागदानं घासा, फुंकर मारा, परत बसवा. एवढं येत नसलेला मुलगा स्थळ म्हणून जरा कमीच समजला जाई. मग 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असं तिची जाहिरात सांगत होती. काकांना तो अपमान वाटला, अजूनही वाटतो. ‘‘विसरायचं म्हणजे? गाडी म्हणजे काय लग्नाचा वाढदिवस आहे?’’

तरी नवी गाडी घेतली की काकांनाही शोरूमची पायरी चढावीच लागते. फ्री सर्व्हिस वेळेत केली नाही तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल, ही धास्ती असते. त्यातही फुकट असते ती मजुरी. ऑइलचे पैसे मोजावेच लागतात, हे ते जाताना वॉचमनला समजावून जातात. आदल्या रात्री काकूंचं नेलपॉलिश घेऊन एअर फिल्टरच्या कडेला आणि प्लगच्या बुडाशी एकेक ठिपका दिलेला असतो. ‘बदललं’ म्हणून बिलात लिहिलं आणि ठिपका जागेवरच सापडला, तर काकांचा पुढचा महिना मजेत जातो.

शोरूममध्ये इस्त्रीच्या शर्टातला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर जॉब कार्ड उघडून विचारतो, ‘‘सर, काही कम्प्लेंट?’’

‘‘गाडीबद्दल नाही,’’ काका म्हणतात.

गिऱ्हाइकांसाठी सोफा असतो, एसी असतो, कॉफीही असते. काका उभे असतात काचेला नाक लावून. ऑइलची बाटली लिटरची, इंजिनात गेलं नऊशे मिली, मग उरलेलं शंभर मिली कुठाय, हा त्यांचा पहिला प्रश्न. जुना प्लग परत द्या, हा दुसरा. अ‍ॅडव्हायझरनं टेफ्लॉन कोटिंग सुचवलं की, ‘‘ते तव्याला करतात,’’ हे उत्तर तयार.

तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचा पंथ अगदी उलटा. त्यांची गाडी न्यायला माणूस येतो, संध्याकाळी धुऊन-पुसून परत येते, आणि बिल वाचण्याआधीच मोबाइलवरून भरलेलं असतं. मागच्या ड्रम ब्रेकपाशी एक बाण असतो आणि तो खुणेला टेकला की ब्रेक शू बदलायला झाले, हे साहेबांच्या गावीही नसतं. काका मात्र जाता-येता सगळ्यांच्या गाड्यांचे बाण बघतात. लिफ्टमध्ये भेटले की नमस्काराच्या जागी ‘‘तुमचं टॅपेट वाजतंय’’ म्हणतात.

पैसे वाचतात का? मजुरीचे वाचतात. त्यातून टॉर्क रेंच येतो, चेन घासायचा तीन तोंडांचा ब्रश येतो, फिलर गेज येतं. वायसरच्या एका पुडीसाठी काका अर्धी नाना पेठ पालथी घालतात आणि पार्टच्या पाकिटावरचा होलोग्राम उन्हात धरून बघतात. काढलेलं जळकं ऑइल फाटकाच्या बिजागऱ्यांना जातं, उरलेलं दाराच्या चौकटीला, वाळवी लागू नये म्हणून. घरातली वाळवी गेली, वास आहे.

कधीतरी अनर्थही होतो. ऑइलचा ड्रेन नट ‘अजून थोडासा’ आवळताना हाताला एकदम हलकं लागतं. इंजिनचं आवरण अ‍ॅल्युमिनियमचं, नट लोखंडाचा, आटे गेले! काका तोंडातून अवाक्षर न काढता गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेतात. मिस्त्री वाकून बघतो आणि विचारतो, ‘‘काका, खोललं कुणी होतं?’’

‘‘शोरूमवाल्यांनी!’’

काकांना खरा धक्का दिला तो मात्र सरकारनं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस सहाचे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींमधून बघता बघता कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्शन आलं, सेन्सर आले आणि मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा आला. जेट साफ करून, हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवून कानानं ट्यूनिंग करणाऱ्या माणसाला सेन्सर दाद देईना. काकांनी मग स्कॅनर मागवला. आता ते दिवा घालवून दाखवतात. बिघाड तसाच असतो, पण निदान तो चमकत नाही.

एवढं सगळं असूनही रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांमध्ये काकांची गाडी क्वचितच दिसते. कारण साधं आहे. दर आठवड्याला तिच्याकडे कुणीतरी निरखून बघतं. चेन सैल झालेली, टायरला भेग गेलेली, केबलची एक तार तुटलेली हे सर्व्हिसची तारीख बघून होत नाही, आणि शोरूमला ते कळतं गाडी तिथं पोचल्यावर.

तेव्हा हवा, चेन, ऑइल, प्लग आणि एअर फिल्टर एवढं घरी करायला हरकत नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत बहुतेक सगळं लिहिलेलं असतं. वॉरंटीतलं काम शोरूमला द्या, इंजिन उघडायचं असेल तर जाणत्याला. पाने काकांकडून खुशाल मागून आणा. मात्र पान्यांबरोबर काकाही खाली येऊ लागले, तर गाडीत बिघाड नसल्याचं त्यांना तिथंच स्पष्ट सांगा.