अंबरनाथला शेवट कळत नाही

(रंगमंचावर एक रिकामा बाक. वरून लोंबणारी एक कडी. पन्नाशीचा माणूस सॅक पोटावर घेऊन, कडी धरून उभा आहे. बाकाकडे बघतो, पण बसत नाही.)

बसतो हो, बसतो. (बसत नाही.) रिकामी जागा दिसली की आधी संशय येतो. कुणी रुमाल टाकलाय का, काही सांडलंय का, गाडी यार्डात तर चालली नाही ना.

तर मंडळी, पेपरात सिनेमाचं परीक्षण येतं. दिग्दर्शन कसं, छायाचित्रण कसं, तारे किती. ते लिहिणाऱ्याला बिचाऱ्याला सिनेमा बघावा लागतो. आमच्या लोकलच्या डब्यात ती अट नाही.

डब्यातलं परीक्षण सुरू होतं कल्याण सोडल्यावर. त्याआधी बोलायला छातीत हवा नसते. कल्याणला माणसं उतरतात, बरगड्या जागेवर येतात आणि खिडकीवाले काका घसा खाकरतात. विठ्ठलवाडीपर्यंत नायकाची ओळख. उल्हासनगरला मध्यंतर. मग खलनायक पेटतो, नायक कड्याच्या टोकावर लोंबकळतो आणि... (हिसका बसून पुढे जातो) अंबरनाथ! अर्धा डबा खाली. शेवट ऐकायला उरतो फक्त आम्ही बदलापूरवाले. अंबरनाथला साडेनऊशे वर्षांपूर्वीचं शिवमंदिर आहे, दगडात कोरलेली अख्खी सृष्टी आहे, पण त्या गावात एकाही माणसाला एकाही सिनेमाचा शेवट माहीत नाही. आमच्या ग्रुपमधला एक अंबरनाथकर रात्री अकराला फोन करतो, "मेला का हो शेवटी?" आमची ही अंथरुणात उठून बसते, "अगं बाई, कोण गेलं?"

(सॅक खाली ठेवतो.)

आता तो 'धुरंधर'. डिसेंबर २०२५. लांबी तीन तास चौतीस मिनिटं. आमचा पुण्याचा मेव्हणा म्हणाला, "भावोजी, फार ताणलाय. पाठ मोडली." पाठ मोडली! मऊ खुर्चीत! अरे, बदलापूर ते सीएसएमटी जाऊन-येऊन आमचा साधारण तेवढाच वेळ जातो, तोही उभ्याने, शेजाऱ्याचं कोपर बरगडीत घेऊन. मला सलग साडेतीन तास बसायला मिळालं, वर एसी! शेवटी पडद्यावर आलं, दुसरा भाग येतोय. मी एकटा उभा राहून टाळ्या वाजवल्या. ही म्हणाली, "एवढा आवडला?" म्हटलं, सिनेमाचं नंतर बघू, खुर्ची फार आवडली.

खिडकीवाल्या काकांनाही आवडला. "अक्षय खन्ना! काय एंट्री! काय नाच!" म्हटलं, काका, मग पुढे काय होतं? "पुढे काय होणार?" अहो, नाच झाल्यावर. "नाच झाल्यावर रील संपतं."

पण हे काका बरे. त्यांच्यासमोर बसणारे गुरुजी भारी. 'छावा' फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला. थिएटरातून लोक डोळे पुसत बाहेर येत होते, डब्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. गुरुजी फक्त मान हलवायचे. (डोळे मिटून, सावकाश) "पुस्तकात जास्त आहे." विकी कौशल कसा वाटला, गुरुजी? "पुस्तकात जास्त आहे." अक्षय खन्नाचा औरंगजेब? "पुस्तकात..." शेवटी एका पोराने विचारलं, तुम्ही पुस्तक कधी वाचलंत? गुरुजी म्हणाले, "घरी आहे." शिवाजी सावंतांची कादंबरी १९७९ पासून बाजारात आहे, गुरुजींच्या घरी ती कपाटाच्या पायाखाली असेल अशी माझी शंका आहे. जास्त आहे म्हणजे जाडीला जास्त असावं.

(बाकाकडे वळून, बायकोच्या आवाजात) "अहो, तुम्हाला सिनेमातलं काही कळत नाही."

ही आमच्या घरातली सेन्सॉर. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. आमच्या सोसायटीच्या भिशीने तिकिटं काढली. नऊवारी, नथ, वर गॉगल! रिक्षावाल्याने विचारलं, कुणाचं लग्न आहे? एक तिकीट उरलं म्हणून मला नेलं. सिनेमा सुरू झाला आणि माझ्या मांडीवर पर्सा येऊन पडायला लागल्या. भावोजी, जरा धरा. काका, जरा सांभाळा. बायका पडद्यासमोर फुगड्या घालतायत आणि मी पर्सांच्या डोंगराआडून केदार शिंदेंचा सिनेमा ऐकतोय. ऐकतोय हं, बघायला फट नव्हती! मध्यंतरात एक वहिनी रडत आल्या, "माझ्या मनातलं बोलले हो सगळं!" शेजारच्या मावशींना मात्र राग आलेला, "सहा बहिणी दाखवल्या, एकीलाही माझ्याएवढा त्रास नाही." आता सांगा, यांना तारे किती द्यायचे? सिनेमाला नव्हे, मावशींना.

माणूस सिनेमाबद्दल बोलायला लागला ना, की त्याला नीट ऐकावं. सिनेमा थोडाच कळतो, त्याच्या घरचं सगळं कळतं.

'सैयारा' घ्या. २०२५ चा पावसाळा. कॉलेजची पोरं थिएटरात हमसून हमसून रडत होती, त्याचे व्हिडिओ निघाले. आमची कन्या डोळे सुजवून घरी आली. "आई, ती सगळं विसरत जाते गं! आणि तो तरीही तिच्यावर प्रेम करतो!" ही भांडी घासता घासता म्हणाली, "परवा मी दुधाखालचा गॅस विसरले, तर तुझे बाबा काय बोलले ते ऐकलंस ना?" (प्रेक्षकांकडे बघत राहतो.) त्या दिवसापासून मोहित सूरी या दिग्दर्शकाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'दशावतार'. एक्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर! मी तर खुर्चीच्या टोकावर. शेजारी आमचे मजल्यावरचे मालवणी. जंगल दिसलं की मला कोपर. "हो आमचो व्हाळ!" अहो, प्रभावळकर बोलतायत. "ते बोलतले. तू तो फणस बघ!" सिनेमा कसा वाटला विचारलं तर म्हणतात, "गणपतीक जाऊन इल्यासारख्या वाटला, नि एसटीचा तिकीट नाय लागला."

'लापता लेडीज'वर आमच्या डब्याचा आक्षेप होता. घुंगटातल्या दोन नवऱ्या, नवरा गाडीतून चुकीचीला घेऊन उतरतो. काका म्हणाले, "बायको चुकली ते पटतं. पण रात्री, झोपेतून उठून, बाईचा हात धरून हा एका फटक्यात उतरला? दारातले उतरू देतात?" किरण रावांचा हा सिनेमा भारताने ऑस्करला पाठवला. तिकडे निवडला गेला नाही. आमच्या डब्याच्या मते हेच कारण.

(कडी सोडतो. पहिल्यांदाच बाकावर टेकतो.)

आता आपल्या घरचा सिनेमा. २०१५, श्रीराम राघवन, 'बदलापूर'! अख्खं गाव बघायला गेलं. नायकाची बायको आणि मुलगा दरोड्यात मारले जातात, म्हणून तो वरुण धवन पुणं सोडून इथे येऊन राहतो. पंधरा वर्षं सूड मनात धरून! मागून एक जण ओरडला, "सूड घ्यायला कोण येतं इथे? वन बीएचके घ्यायला येतात!" दुसरा म्हणाला, "पंधरा वर्षं आठची लोकल पकडली असती, तर माफ केलं असतं त्याने." नागपूरच्या आत्याचा रात्री फोन आला, "तुम्ही सगळे ठीक आहात ना रे?"

त्याच वर्षी सरकारने ठरवलं, मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम द्यायचा. आधी म्हणाले, संध्याकाळी सहा ते नऊ. मग ओरड झाली, तेव्हा झालं दुपारी बारा ते रात्री नऊ. बारा ते नऊ! बारा ते सहा मी ऑफिसात असतो आणि सहा ते नऊ कुठे असतो हे तुम्ही मघापासून बघताय. मग बुधवारी दुपारी पावणेतीनच्या शोला चार डोकी येतात आणि डब्यात निकाल लागतो, "मराठी सिनेमा चालत नाही हो."

(उभा राहतो, सॅक पुन्हा पोटावर घेतो.)

तेव्हा मंडळी, मतं द्या. वाट्टेल ती द्या, पुस्तकात जास्त आहे म्हणा, फणस बघा. फक्त पहिल्या शुक्रवार, शनिवार, रविवारी तिकीट काढून द्या. सोमवारी शो उतरवतात.